मंजिष्ठेबद्दल गल्ल्यावर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गिरगावात आमचं काष्ठौषधींचं दुकान आहे. आधी सासरे बसायचे, त्यांच्यानंतर गेली सतरा वर्षं गल्ल्यावर मी बसते. ज्येष्ठमध, वाळा, नागरमोथा, अनंतमूळ असं सगळंच ठेवतो, पण चेहऱ्यासाठी म्हणून सर्वांत जास्त विचारणा होते ती मंजिष्ठेची. पूर्वी माणसं वैद्यांची चिठ्ठी घेऊन यायची. आता मोबाईलवर व्हिडिओ लावून तो माझ्यापुढे धरतात आणि विचारतात, "ताई, हेच का ते?" तेच प्रश्न दिवसातून चारदा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. मी वैद्य नाही. वनस्पती ओळखणं, निवडणं, साठवणं हे माझं काम. आजार ओळखणं हे वैद्यांचं आणि डॉक्टरांचं. ती हद्द जिथे येते तिथे मी तसं स्पष्ट लिहिलं आहे.

मंजिष्ठा म्हणजे नक्की काय?

एका वेलीची मुळं आणि खोड. शास्त्रीय नाव रुबिया कॉर्डिफोलिया, कॉफी ज्या कुळातली त्याच कुळातली ही वेल. खोड चौकोनी असतं आणि त्यावर बारीक आकडे असतात. बोट फिरवलं की खरखरीत लागतं. त्या आकड्यांच्या आधारानेच ती झुडपांवर चढत जाते. प्रत्येक पेऱ्यावर चार-चार पानं, हृदयाच्या आकाराची. फुलं इतकी बारीक की शोधावी लागतात, फळं पिकली की काळी-जांभळी होतात. आपल्याकडे सह्याद्रीच्या उंच, गार भागात, महाबळेश्वरच्या बाजूला ती दिसते. हिमालयातही भरपूर होते. वर पाहून काही खास वाटत नाही. हिचं सगळं मोल मातीखाली आहे, त्या लाल मुळांत.

भावप्रकाश या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथात तिची बरीच नावं दिली आहेत. लांब पसरते म्हणून योजनवल्ली, अंग लाल म्हणून रक्तांगी, आणि कापड रंगवते म्हणून वस्त्ररंजिनी. हे शेवटचं नाव लक्षात ठेवा. खालच्या बऱ्याच उत्तरांत ते परत येणार आहे.

कापड रंगवायची वस्तू चेहऱ्याला कशी चालते?

प्रश्न अगदी रास्त आहे. मुळांत पर्पुरिन आणि मुंजिस्टिन नावाची लाल रंगद्रव्यं असतात. मुंजिस्टिन हे नावच मुळी 'मंजिष्ठा'वरून आलेलं. तुरटीच्या पाण्यात भिजवलेलं सुती कापड मंजिष्ठेच्या काढ्यात उकळलं की पक्का लाल रंग चढतो. लोखंडाचा अंश असला तर तोच रंग जांभळट-तपकिरी होतो. मोहेंजोदडोला सापडलेल्या सुती कापडाच्या तुकड्यावरही मंजिष्ठेच्या वर्गातल्या मुळांचा रंग आढळला आहे, म्हणजे ओळख किती जुनी बघा. युरोपात हिची सख्खी बहीण, रुबिया टिंक्टोरम, शेतांतून लावायचे. १८२६ मध्ये फ्रान्समध्ये रोबिके आणि कोलँ यांनी त्या मुळांतून अलिझरिन आणि पर्पुरिन वेगळं काढलं. १८६८ मध्ये जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान यांनी अलिझरिन प्रयोगशाळेत तयार केलं आणि थोड्याच वर्षांत ती शेती बसली.

आता चेहऱ्याचं. कापडावर रंग धरून ठेवायला तुरटी लागते. त्वचेवर तुरटी नसते, त्यामुळे रंग पक्का बसत नाही. तरी लेप धुतल्यावर एक फिकट लालसर झाक राहते आणि एक-दोनदा तोंड धुतलं की जाते. "पहिल्याच दिवशी तेज आलं" असं जे सांगतात, त्यात बराच वाटा या झाकेचा असतो. हे मी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगते, कारण पहिल्या दिवसाच्या त्या लालीवर भरवसा ठेवला की पंधराव्या दिवशी निराशा होते आणि माणूस मग दुसऱ्या, जास्त धोक्याच्या गोष्टीकडे वळतो.

मंजिष्ठेने रंग उजळतो का? गोरी होईन का?

नाही.

एवढंच लिहून थांबले असते, पण हा प्रश्न विचारणारी बहुतेक वेळा स्वतः मुलगी नसते. आई असते, मावशी असते, आणि शेजारी एकवीस-बावीस वर्षांची मुलगी खाली मान घालून उभी असते. बघण्याचा कार्यक्रम ठरलेला असतो. म्हणून जरा सविस्तर.

चरकसंहितेत 'वर्ण्य' म्हणून दहा वनस्पतींचा गट आहे. त्यात चंदन, उशीर म्हणजे वाळा, ज्येष्ठमध, सारिवा म्हणजे आपलं अनंतमूळ यांच्याबरोबर मंजिष्ठा आहे. जाहिरातवाल्यांनी 'वर्ण्य' या शब्दाचा अर्थ 'गोरं करणारी' असा करून टाकला. पण वर्ण म्हणजे गोरेपण नव्हे. ज्याचा जो मूळ वर्ण, तो निरोगी आणि एकसारखा दिसणं, हा त्या शब्दाचा अर्थ. त्याच चरकसंहितेत माणसाच्या प्राकृत, म्हणजे निरोगी, वर्णांत कृष्ण आणि श्याम हे वर्णही मोजले आहेत. सावळी त्वचा हा आजारच नाही, तर त्याला औषध कुठलं द्यायचं? त्या मुलीकडे बघून मी हे मुद्दाम मोठ्याने बोलते.

मग उपयोग कशासाठी करायचा?

मुरूम येऊन गेल्यावर राहिलेले लालसर-काळपट डाग, वांग म्हणजे गालांवर-कपाळावर पडणारे काळपट चट्टे, मच्छर चावल्याचे किंवा खाजवून झालेले डाग. परंपरेत तिचा वापर मुख्यतः यासाठीच आहे. अष्टांगहृदयात वांगासाठी एक प्रसिद्ध लेप आहे: रक्तचंदन, मंजिष्ठा, कोष्ठ, लोध्र, प्रियंगु, वडाचे कोंब आणि मसूर. नुसती मंजिष्ठा मधात कालवून लावायचीही पद्धत आहे. आमच्याकडे जुने वैद्य चिठ्ठीवर बहुतेक वेळा मंजिष्ठा, लोध्र आणि रक्तचंदन ही तिघंच लिहून द्यायचे.

आजच्या संशोधनाचं म्हणाल तर प्रयोगशाळेत मंजिष्ठेच्या अर्काने सूज कमी करणं, जंतूंना अटकाव करणं असे गुण दाखवले आहेत. पण माणसांवरच्या चाचण्या थोड्या आणि लहान आहेत. म्हणून डाग हळूहळू फिकट व्हायला मदत म्हणून वापरा, खात्रीचा इलाज म्हणून नको.

'रक्त शुद्ध करते' म्हणजे काय करते?

आयुर्वेदात रक्त हा एक धातू, म्हणजे शरीर घडवणारा घटक, आहे आणि तो पित्ताने बिघडला की त्वचेवर उमटतो, अशी मांडणी आहे. त्या अर्थाने तिला रक्तप्रसादक म्हणतात. याचा अर्थ ती रक्तातली साखर, कोलेस्टेरॉल किंवा जंतू गाळून काढते असा नाही. रक्तातली नको असलेली द्रव्यं काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. लॅबचा रिपोर्ट हातात घेऊन "हे कमी करायला मंजिष्ठा द्या" म्हणणारी माणसं येतात. त्यांना मी रिपोर्ट ज्यांनी करायला सांगितला त्यांच्याकडेच परत पाठवते.

खरी मंजिष्ठा ओळखायची कशी?

या प्रश्नाला मी दुकानातच प्रयोग करून दाखवते, तो घरीही करता येतो.

काचेचे दोन पेले घ्या. दोन्हींत कोमट पाणी आणि मुळांचे चार-पाच तुकडे. खरी मंजिष्ठा रंग सावकाश सोडते. तुकड्याच्या कडेने आधी नारिंगी-तांबूस रेघा खाली उतरताना दिसतात आणि दहा-पंधरा मिनिटांनी पाणी विटकरी होतं. आता एका पेल्यात चिमूटभर खायचा सोडा टाका. पाणी गडद होत कोकमाच्या सरबतासारखं गुलाबी-लाल होतं. दुसऱ्यात लिंबाचे काही थेंब पिळा, ते पिवळट-नारिंगीकडे जातं. तुकडा बाहेर काढून नखाने खरवडा: आतही तांबडा असायला हवा.

हे मी ठेच खाऊन शिकले. काही वर्षांपूर्वी एका पुरवठादाराकडून पोतं आलं. काड्या दिसायला सुरेख, नेहमीपेक्षा जास्तच लाल, भावही जरा कमी. घाईत होते, उघडून वास घेतला आणि ठेवून दिलं. दोन दिवसांनी एक नेहमीच्या बाई पुडी घेऊन परत आल्या. बोटं लालभडक, हळद लागल्यावर राहतात तशी, आणि साबणाने जात नव्हती. मी पेल्यात काड्या टाकल्या तर टाकल्याक्षणी पाणी लाल झालं, आणि पाच मिनिटांत काड्या पांढुरक्या पडल्या. कुठलंतरी लाकूड रंगवून दिलं होतं. पोतं परत केलं, ज्यांना पुड्या दिल्या होत्या त्या आठवतील तेवढ्यांना फोन केले. त्या बाईंना काही इजा झाली नाही, पण चेहऱ्यावर लावलं असतं तर, हा विचार अजून जात नाही. तेव्हापासून माल आला की पेला आधी.

हा प्रयोग म्हणजे प्रयोगशाळेची तपासणी नव्हे. सोड्याने हळदीचाही रंग बदलतो. पण ढोबळ लबाडी यात पकडली जाते. आणि मुळांबरोबर खोडाचे तुकडे आले तर घाबरू नका, ती भेसळ नाही; खोडही औषधात वापरतात.

तयार पूड घेऊ की अख्खी मुळं?

जमत असेल तर मुळं. पुडीत काय दळलंय ते मलाही नुसत्या डोळ्यांनी सांगता येणार नाही. घरच्या मिक्सरमध्ये आधी भरड करा, मग बारीक करून तलम सुती कापडातून गाळा, वस्त्रगाळ. चाळणीतून काढलेली पूड चेहऱ्यावर खरखरते आणि सूक्ष्म ओरखडे उठतात. सहाण असेल तर त्याहून सोपं: मुळाचा जाडसर तुकडा थोड्या पाण्यात उगाळा. आठ-दहा वेळा गोल फिरवलं की गंधासारखा मऊ, तांबूस लेप जमतो, नेमका एका वेळेपुरता. दोनच डागांना लावायचं असेल तर पूड करायचीही गरज नाही.

तयार पूड घ्यायचीच असेल तर डब्यावर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख हे चारही असायला हवं. प्लॅस्टिकच्या साध्या पिशवीत, नाव नसलेली लाल पूड घेऊ नका.

लेप कसा लावायचा?

आधी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे रुपयाएवढा लावून धुवा आणि दोन दिवस थांबा. खाज, लाली, पुरळ काही नसेल तरच चेहऱ्यावर.

अर्धा चमचा वस्त्रगाळ पूड एका वेळेला पुरते. त्वचा कोरडी असेल तर दुधात किंवा मधात, तेलकट असेल तर गुलाबपाण्यात कालवा. लिंबू घालू नका, कुणी कितीही सांगो. चेहऱ्यावर लिंबू लावून उन्हात गेलं की डाग वाढतात. डोळ्यांभोवतीची जागा सोडून पातळ थर द्या. दहा-बारा मिनिटं पुरे. पूर्ण वाळून कातडी ताणली जाईपर्यंत ठेवायचा नाही. लेप ओला असेतोच काढावा असं जुने वैद्यही सांगत. चोळून काढू नका, पाणी मारून मऊ करा आणि मग धुवा. आठवड्यातून दोनदा, रात्री. वॅक्सिंग, थ्रेडिंग झालं असेल त्या दिवशी नको. फोड फुटलेला असेल, जखम असेल तर नको. डॉक्टरांनी रेटिनॉल किंवा सोलणारी क्रीमं दिली असतील तर त्यांना विचारल्याशिवाय मुळीच नको.

जुना टॉवेल घ्या. वस्त्ररंजिनी आहे ती. पांढऱ्या उशीच्या अभ्र्यावर आणि बाथरूमच्या फरश्यांच्या सांध्यांत डाग राहतो.

मुंबईच्या हवेत काही वेगळी काळजी?

आपल्याकडे घाम वाळतच नाही. विरार लोकलमध्ये दीड तास उभं राहून घरी आलेल्या चेहऱ्यावर घाम, धूळ, तेल असं सगळं बसलेलं असतं; त्यावरच लेप थापला की रंध्रं बुजतात आणि पुटकुळ्या येतात. आधी सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, दहा मिनिटं पंख्याखाली बसा, मग लेप. दिवसभर एसीत काम करणाऱ्यांची त्वचा मात्र या दमट शहरातही कोरडी पडते. त्यांनी मुलतानी माती मिसळू नये, दूध किंवा मध वापरावा.

किती दिवसांत फरक दिसेल?

मुरमाच्या डागाला दोन-तीन महिने. डाग फिकट होणं म्हणजे जुना थर जाऊन नवा वर येणं, आणि त्वचा ते आपल्या गतीने करते. सात दिवसांत फरक सांगणाऱ्या कुठल्याही डबीवर विश्वास ठेवू नका, ती आयुर्वेदिक म्हणवत असली तरी.

वांग आहे. नुसती मंजिष्ठा पुरेल?

पुरणार नाही. वांगामागे ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, घराण्यात असलेला कल अशी कारणं असतात. ऊन तसंच राहिलं तर लेपाने मिळवलेलं एका दुपारीत जातं. सनस्क्रीन, तेही हलका रंग असलेलं, कारण त्यातलं आयर्न ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा प्रकाशही अडवतं, आणि वांगाला तोही त्रास देतो. छत्री, ओढणी, टोपी जे जमेल ते. पावसाळी ढगाळ दिवशीही. वांग पूर्ण गेलं असं क्वचितच होतं. फिकट करणं आणि फिकट ठेवणं हे ध्येय ठेवा.

मी आधी एक क्रीम लावत होते, आता चेहरा जळजळतो. मंजिष्ठेने शांत होईल का?

हे वाचणाऱ्या प्रत्येकीने इथे जरा थांबावं.

गेल्या वर्षी डोंबिवलीहून एक मुलगी आली. ओढणी नाकापर्यंत. बाजूला केली तर गाल तांबडे, त्वचा इतकी पातळ की खालच्या बारीक शिरांचं जाळं दिसत होतं, आणि गालांवर नको तिथे लव आलेली. पार्लरमधून मिळालेली डबी आठ महिने लावत होती. पहिल्या महिन्यात चेहरा चकचकीत झाला, सगळ्यांनी कौतुक केलं. पुढे एक दिवस लावलं नाही की आग व्हायची, म्हणून परत लावायची. डबीवर घटकांची यादीच नव्हती. तिला मंजिष्ठा हवी होती. मी दिली नाही. पाणी प्यायला दिलं, बसवलं, आणि डबी न टाकता तीच घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जायला सांगितलं.

अशा क्रीमांत बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं, कधी पारा असतो. पारा त्वचेतून आत जाऊन मूत्रपिंडं बिघडवू शकतो. स्टेरॉइडने पातळ झालेल्या त्वचेवर कुठलाही लेप, मंजिष्ठेचा सुद्धा, आगीत तेल ओतल्यासारखा होतो. आणि ते क्रीम कसं बंद करायचं हेही डॉक्टरांनीच ठरवायला हवं. महापालिकेच्या केईएम, नायर आणि शीव रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत, तिथे फार खर्च येत नाही. लाज वाटून घेऊ नका. फसवणारा दुसराच असतो.

गजकर्ण, नायटा यावर चालेल?

नाही. ती बुरशी आहे, तिला बुरशीचंच औषध लागतं, ठरलेले दिवस. जांघेत, कमरेला गोल चट्टे पडून खाज येत असेल तर लेपांत वेळ घालवू नका. पावसाळ्यात घरभर पसरतं.

पांढऱ्या डागांवर?

कोड असेल तर डॉक्टर किंवा वैद्य, स्वतःहून काही नाही. विशेषतः बावची लावून उन्हात बसायचा सल्ला ऐकू नका. बावचीत सोरालेन असतं. त्याचा उपयोग डॉक्टर ठरावीक मात्रेत, ठरावीक प्रकाशात करतात. गच्चीवर अंदाजाने केलं की फोड येऊन कातडी भाजते. मी बावची चिठ्ठीशिवाय देत नाही.

पोटात घेतली तर जास्त गुण येतो का?

पोटात घेण्याची परंपरा आहे. शार्ङ्गधरसंहितेतला महामंजिष्ठादि काढा त्वचारोगांत फार वापरला जातो. पण त्यात मंजिष्ठेबरोबर कितीतरी इतर औषधं असतात आणि तो कुणाला, किती, किती दिवस हे नाडी बघून ठरतं. बाजारातल्या काही बाटल्यांत साखर किंवा गूळ असतो, मधुमेह असेल तर लेबल वाचा.

लघवी लालसर झाली म्हणून घाबरून फोन येतात. मंजिष्ठा पोटात गेली की लघवीला तांबूस रंग येऊ शकतो, रंगद्रव्यं बाहेर पडतात म्हणून. रंग किती खोल जातो याची एक जुनी नोंद आहे: १७३६ मध्ये लंडनच्या बेल्चियर नावाच्या शल्यवैद्याने पाहिलं की युरोपीय मंजिष्ठा खाल्लेल्या डुकरांची हाडं लाल झाली होती. मात्र औषध बंद करूनही दोन-तीन दिवसांत रंग गेला नाही, किंवा जळजळ, दुखणं, ताप असेल तर ते मंजिष्ठेवर ढकलू नका, लघवी तपासून घ्या.

आणखी एक. त्या युरोपीय बहिणीच्या मुळांत ल्युसिडिन नावाचं द्रव्य असतं, त्याचा पेशींच्या जनुकांवर घातक परिणाम दिसला आहे. आपली जात वेगळी आहे, पण इतक्या जवळच्या नात्यातली वस्तू महिनोन् महिने मनानेच पोटात घेत राहणं मला पटत नाही. वैद्यांनी दिली, तर त्यांनी सांगितलेल्या दिवसांपुरती.

गरोदरपणात, अंगावर पाजताना?

पोटात नाही. ही परंपरेने पाळीच्या तक्रारींत दिली जाणारी वनस्पती आहे. वरून लावायची असेल तरी आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनाही हेच.

मंजिष्ठा थंड की उष्ण? उन्हाळ्यात चालेल?

चेहरा शांत करते म्हणून सगळ्यांना ती थंड वाटते. भावप्रकाशात मात्र ती गुरु, म्हणजे पचायला जड, आणि उष्ण सांगितली आहे. चवीला गोड, कडू, तुरट. म्हणून वैद्य तिच्या जोडीला बऱ्याचदा अनंतमूळ देतात, ते थंड. लेपासाठी मे महिन्यात दूध किंवा गुलाबपाणी वापरलंत की काही अडचण येत नाही.

मासे बंद करावे लागतील का?

आमच्याकडे कोळीवाड्यातून आणि सारस्वत घरांतून गिऱ्हाइकं येतात, त्यांचा हा पहिला प्रश्न. मंजिष्ठेचा लेप लावण्यासाठी मासे सोडायची गरज नाही. आयुर्वेदात दूध आणि मासे एकत्र घेणं विरुद्ध मानलं आहे, तेवढं पाळा. सोलकढी नारळाच्या दुधाची, ती त्यात येत नाही.

कुंकुमादि तेलात मंजिष्ठा असते ना? मग तेच का नको?

असते, केशर, चंदन आणि बऱ्याच इतर वनस्पतींबरोबर. कोरड्या, वय झालेल्या त्वचेला ते चांगलं. पण बैठक तिळाच्या तेलाची आहे. मुरूम येणाऱ्या तेलकट चेहऱ्यावर, मुंबईच्या दमट हवेत, मी तरी सुचवत नाही. फार स्वस्तात मिळालं तर त्यात केशर किती असेल याचा विचार करा.

दिवाळीच्या उटण्यात घालायची का?

घाला, थोडी. आमच्या घरच्या उटण्यात मसुराचं पीठ निम्म्याहून जास्त, बाकी आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा, संत्र्याची वाळलेली साल, अनंतमूळ आणि मंजिष्ठा. वासाला नागरमोथा आणि कचोरा, रंगाला मंजिष्ठा. सासरे म्हणायचे, मंजिष्ठा जास्त झाली तर नरकचतुर्दशीला न्हाणीघर लाल होतं. तान्ह्या बाळाला मात्र हे उटणं नको. त्याची कातडी फार नाजूक.

पावसाळ्यात पुडीला जाळं लागलं. चालेल का?

टाकून द्या, चाळून वापरू नका. जून ते सप्टेंबर या शहरात कुठलीही पूड उघडी राहिली की दमट होते, टोके पडतात, बुरशी धरते, आणि ती बुरशी चेहऱ्यावर जाते. मेमध्येच मुळं कडक उन्हात एकदा दाखवा, पूर्ण गार झाल्यावर काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. बरणीत हात किंवा ओला चमचा घालायचा नाही. पूड एका वेळी महिन्याची करा, जास्त नको. वास कुबट आला किंवा गुठळ्या झाल्या की ती गेली असं समजा.

बाल्कनीत कुंडीत लावता येईल?

वेल कदाचित जगेल, पण तिला डोंगरातली गार हवा लागते, आणि मुळं जाड व्हायला दोन-तीन वर्षं जातात. मूळ काढलं की वेल गेलीच. रानातून खणून आणणाऱ्यांमुळे ती कमी होत चालली आहे, म्हणून ट्रेकला गेलात आणि दिसली तर बघा, फोटो काढा, उपटू नका. मीही आता शक्य तिथे लागवडीचा माल मागते, थोडा महाग पडला तरी.

वैद्यांना दाखवायचं तर कुठे?

वरळीला पोदार आयुर्वेद रुग्णालय आहे, तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं. जाताना आतापर्यंत चेहऱ्याला जे जे लावलं त्या सगळ्या डब्या, ट्यूबा पिशवीत घेऊन जा. भेसळीची शंका असेल तर तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करायची, त्यांचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. पुडी आणि पावती दोन्ही जपून ठेवा.

दुकानात येऊन नेमकं काय मागू?

"मंजिष्ठेची मुळं, पन्नास ग्रॅम, अख्खी." एवढं म्हणा. मशीद बंदरला, काळबादेवीला, दादरला, कुठेही. दुकानदाराला एक तुकडा मोडून दाखवायला सांगा आणि आतला रंग बघा. जो मोडून दाखवायला कां-कूं करेल, त्याच्याकडून घेऊ नका. पन्नास ग्रॅम तुम्हाला दीड-दोन महिने पुरतात. त्याहून जास्त कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, मी असले तरी.